पाच टक्क्यांचा आंबा

तुम्ही आम्हाला फसवलंत.

साहेब म्हणू की मायबाप म्हणू, ते तुम्हीच ठरवा. ठरवायची सवय तुम्हाला आहे. कुठल्या मालावर किती कर हे तुम्ही ठरवता, आम्ही भरतो. या वेळी तुम्ही ठरवलंत की वाईट मालावर चाळीस टक्के आणि गरजेच्या मालावर पाच. टीव्हीवाल्यांनी चाळीसवाल्या मालाला पापाचा माल म्हटलं आणि तुम्ही त्यांना थांबवलं नाहीत. माझी बहीण नूतन हिनं ते ऐकलं आणि खरं धरून चालली. ते तिच्या पायावर बेतलं. कसं बेतलं ते सांगतो, मध्ये बोलू नका.

नूतनताई माझ्याहून मोठी. आमचं घर बदलापूर गावात. ती लग्न होऊन विठ्ठलवाडीला चाळीत गेली. तिचा नवरा मधु, म्हणजे आमचे भावोजी, अंबरनाथला एमआयडीसीत कंत्राटी हेल्पर आहेत. मुलगी प्राची कॉलेजात. ताई स्वतः उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे इमारतीच्या तळाचा एक लांबडा गाळा, खिडकी नाही, पंखे आहेत. शिवून आलेल्या पॅन्टींचे लोंबणारे धागे कापायचे, घडी घालायची, पिशवीत भरायची. काम उभ्यानं. मजुरी नगावर.

नगावर काम करणारी बाई बसत नाही. बसली तर तिचंच जातं. पण दुपार कलली की हात मंदावतात, डोळे मिटायला लागतात. त्यावर त्या गाळ्यात एक पद्धत होती. सेठ दुपारी सगळ्यांना दहा रुपयांची कोलाची बाटली द्यायचा. फुकट. चहा का नाही? चहाला गॅस लागतो, दूध लागतं, शिवाय चहा घ्यायला बायका बसतात आणि बसल्या की बोलत राहतात. बाटली उभ्यानं पिता येते. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात कात्री. पोटात साखर गेली की संध्याकाळपर्यंत हात पुन्हा पळतात. सेठ काही दुष्ट माणूस नाही. म्हातारा सिंधी, बायकांच्या पोरांची नावं त्याला पाठ. त्याला ही पद्धत त्याच्या बापानं शिकवली असेल.

दोन वर्षांपूर्वी ताईला साखर निघाली. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, चहात साखर बंद, मिठाई बंद, ती काळी बाटली तर कायमची बंद. ताई हुकुमाची पक्की. तिनं त्या दिवसापासून कोलाला तोंड लावलं नाही. तिची बाटली शेजारी उभ्या असलेल्या रखमामावशीकडे जायची.

"दे बाई," मावशी म्हणायची. "तुझी शुगर माझ्यात येऊ दे. माझ्या आयुष्यात दुसरं काय गोड आहे?"

"मावशी, तुम्ही पण तपासून घ्या एकदा."

"कशाला? तपासलं की निघते. न तपासलेल्या बाईला कधी शुगर झालेली बघितलीस का तू?"

सगळा गाळा हसायचा. ताईपण हसायची. पण तिचे नग कमी पडायला लागले होते. कोला सुटला, थकवा सुटला नव्हता. तळपायाला मुंग्या यायच्या, मग मुंग्या पण येईनाशा झाल्या. ती म्हणायची, बरं झालं, मुंग्या गेल्या. गोळीचा गुण आला.

तुमचे दर जाहीर झाले तेव्हा मी विठ्ठलवाडीला तिच्याकडेच बसलो होतो. टीव्ही चालू होता. खाली पट्टी पळत होती, प्राची वाचून दाखवत होती.

"म्हणजे माझा कोला महागला का गं?" भावोजींनी विचारलं.

"नाही पप्पा. आधी अठ्ठावीस होते आणि वरून बारा. आता सरळ चाळीस. बेरीज तीच."

"मग हा एवढा बोंबलतोय कशाला?"

"पाप म्हणायला मिळतं ना," मी म्हटलं.

"पाप तर पाप. बाटली दहाचीच राहू दे म्हणजे झालं. पण साली दरवर्षी बारीक होतेय. पूर्वी एकीनं भागायचं, आता दोन लागतात."

हे जरा लिहून ठेवा. भावोजी कंपनीच्या गेटवर रोज दोन बाटल्या पितात. पूर्वी एक प्यायचे. तुमच्या करानं बाटलीची किंमत वाढली नाही, बाटली लहान झाली, आणि लहान झाली म्हणून माणूस दोन घ्यायला लागला. आता तो पापावर दुप्पट कर भरतो आणि साखरही पहिल्यापेक्षा जास्त पितो. तुमच्या तिजोरीत भर पडली. त्यांच्या पोटातही पडतेच आहे.

तेवढ्यात पट्टीवर आलं की फळांच्या रसाच्या पेयांवर बाराचे पाच टक्के. ताई भाकरी थापत होती ती हात तसेच पिठाचे ठेवून बाहेर आली.

"फळाचं स्वस्त केलं?"

"हो मम्मी. आंब्याचं, पेरूचं, सगळं. पाच टक्के."

"बघ, कधीतरी गरिबाचा विचार झाला." मग ती माझ्याकडे वळली. "राजू, म्हणजे हे उपवासाला चालेल."

"ताई, साबणावर पण कर कमी केलाय. तो खाणार का उपवासाला?"

"गप रे. साबण काय फळ आहे? जे वाईट ते चाळीसात टाकलं, जे चांगलं ते पाचात. एवढी मोठी माणसं बसून ठरवतात, ती काय वेडी आहेत?"

साहेब, तुम्ही म्हणाल बाई अडाणी होती. नव्हती. दहावी पास आहे. आणि तिचा विचार सरळ होता. जो माणूस वाईट मालाला शिक्षा करतो, तो चांगल्या मालाला सोडतो. तुमच्याच तोंडचा कायदा तिनं तुमच्या मालाला लावून बघितला. यात तिची चूक कुठे आहे ते मला दाखवा.

आता नवसाचं. चिखलोलीला त्यांनी वन आरके बुक केला होता. नवं स्टेशन होणार म्हणून सगळे तिकडे धावत होते, हेही धावले. बिल्डर ताबा देईना. ताई देवीला नवस बोलली की यंदा नवरात्र कडक करीन, अन्नाला शिवणार नाही, पायात चप्पल घालणार नाही, पण दिवाळीआधी किल्ली हातात पडू दे. आमच्याकडे अनवाणी राहणाऱ्या बायका खूप. नोकरीवाल्या मुलीही राहतात. लोक रस्त्यात बाजू देतात, रिक्षावाला पैसे कमी घेतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आणि मुहूर्त बघा. घट ज्या दिवशी बसले त्याच दिवशी तुमचे नवे दर लागू झाले.

पहिल्याच दुपारी सेठनं बाटल्या बदलल्या. बायका सगळ्या उपवासाच्या, कोला कोण पिणार? त्यानं आंब्याच्या पाकिटांचे बॉक्स उतरवले. ताईसमोर एक पाकीट धरून तो म्हणाला, "नूतन, ये ले. ये तो आम है, आम! अब तो तू भी पी सकती है."

"दादा, मेरेको शुगर है."

"अरे फल का है. सरकार ने भी टॅक्स कम किया. पी, भूखे पेट गिर जाएगी तो मेरे को पाप लगेगा."

रखमामावशी मागून म्हणाली, "घे गं. देवीनं पण जीएसटी बघूनच पास केलंय."

ताईनं घेतलं. दोन वर्षं जिनं चहात साखर घातली नव्हती तिच्या रिकाम्या पोटात ते गेलं. तिला किती बरं वाटलं असेल ते मी समजू शकतो. दुसऱ्या दिवशी तिनं चाळीखालच्या दुकानातून मोठी बाटली आणली. पाच-सहा रुपयांनी उतरली होती. सकाळी पेलाभर, कामावर निघताना पेलाभर, गाळ्यात पाकीट, रात्री आरतीनंतर पेलाभर. बाकी फक्त पाणी. गोळ्या तिनं थांबवल्या, कारण गोळी जेवणानंतर घ्यायची असते आणि जेवण नव्हतं. हे कुणीही केलं असतं.

मला तिचा फोन आला. आवाज खणखणीत होता.

"राजू, माझे नग वाढले रे. त्या नव्या पोरींच्या बरोबरीनं काढते आता. देवीची कृपा."

"जेवत नाहीस आणि नग वाढले?"

"तेच तर सांगते. कृपा."

"पाणी पी नीट."

"पाणी तर सारखं पिते. तहान जातच नाही. उन्हाळ्यासारखं झालंय."

जीन्सचं बटण दोन तुकड्यांचं असतं. वर पितळी टोपी, खाली चपट्या डोक्याचा बारीक खिळा. गाळ्यातलं मशीन दोन्ही एकमेकांत ठोकतं. ठोका चुकला की खिळा उडतो आणि फरशीवर पडतो. त्या गाळ्यात झाडू संध्याकाळी लागतो, तोवर खिळे धाग्यांच्या कचऱ्यात पडलेले असतात. चपला घालून वावरणाऱ्याला त्याचं काही नाही. ताई त्या फरशीवर दिवसभर अनवाणी उभी होती.

या वर्षी तिथी वाढली, म्हणून नवरात्र एक दिवसानं लांबलं. अष्टमीला आमच्याकडे बदलापूरला सवाष्णीची ओटी भरतात आणि पाय धुतात. दरवर्षी ताईच येते. ती रिक्षातून उतरली तेव्हा तोंड सुकलेलं, ओठ चिरलेले, पण खूश होती. दिवाळीआधी ताबा देतो असं बिल्डरच्या ऑफिसातून कळलं होतं.

माझ्या बायकोनं, ऋतिकानं, परात मांडली. ताईला पाटावर बसवलं.

"द्या पाय, ताई."

"नको गं, काळेकुट्ट झालेत. मला लाज वाटते."

"देवीसाठी झालेत ना? तुमच्या भावाचे बूट घालून पण असेच असतात, त्याची लाज मी काढते का?"

ताई हसली आणि पाय पुढे केले. ऋतिकानं डावा धुतला, पुसला, हळदकुंकू लावलं. उजवा हातात घेतला आणि अंगठ्याखालच्या चवड्यावर तिचा हात थांबला.

"ताई, इथं टिकली चिकटलीय तुमच्या." ती नखानं काढायला गेली. निघेना. "अहो, ही टिकली नाही. हे आत आहे काहीतरी."

"काय आहे?"

"तुम्हाला टोचत नाही?"

"कुठे?"

ऋतिकानं दाबलं. पितळी डोक्याभोवती पांढरी पडलेली कातडी उघडली आणि परातीतल्या पाण्यात पिवळं उतरलं. वास आला. मी दारात उभा होतो, मला तिथपर्यंत आला. ऋतिकानं माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"दुखतंय का?"

"नाही गं," ताई म्हणाली. ती अजून हसत होती. "गुदगुल्या पण नाही होत."

अख्खा खिळा आत गेला होता. कधी गेला ते तिला माहीत नव्हतं. त्याच्यावर उभी राहून ती नग काढत होती.

दवाखान्यात चल म्हटलं तर ती ऐकेना. दसऱ्याला पारणं करून जाईन म्हणाली, चप्पल घातली तर नवस मोडेल म्हणाली. मी तिला उचलली आणि अनवाणीच रिक्षात घातली. गावातल्या डॉक्टरनं चिमट्यानं खिळा ओढला. ती शांत बसून बघत होती, जणू दुसऱ्याचा पाय आहे. डॉक्टर त्यानंच घाबरला. बोटाला टोचून रक्त घेतलं तर मशीननं आकडाच दाखवला नाही. नुसतं 'हाय' असं आलं. त्या मशीनला मोजता येईल त्यापेक्षा जास्त साखर असली की तसं येतं, असं तो म्हणाला. मग म्हणाला, इथं थांबू नका.

आम्ही तिला मोठ्या खासगी हॉस्पिटलात नेलं. नाव सांगत नाही, त्यांनी त्यांच्या परीनं केलं. तिथल्या डॉक्टरांनी भावोजींना विचारलं, "काय खात होत्या?"

"काही नाही. उपवास होता."

"काहीच खाल्लं नाही तर एवढी साखर कुठून आली?"

"फळाचा रस घ्यायची फक्त."

"घरी काढलेला?"

प्राचीनं पिशवीतून पाकीट काढून दिलं. डॉक्टरांनी ते उलटं करून बारीक अक्षरं वाचली.

"अहो, हा रस नाही. आंबा नावाला आहे. हे साखरेचं पाणी आहे. त्यांना कोला बंद सांगितला होता ना?"

"कोला बंदच आहे, दोन वर्षं," भावोजी म्हणाले.

"ह्यात कोलापेक्षा जास्त साखर आहे!"

भावोजी अगदी हळू, चूक दाखवून देतोय याचा संकोच वाटल्यासारखे म्हणाले, "पण डॉक्टर, ह्याच्यावर टॅक्स कमी आहे."

डॉक्टरांनी पाकीट प्राचीला परत दिलं. कर कमी का, हे सांगणं त्यांचं काम नव्हतं. ते तुमचं काम आहे.

आधी अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाय वाचेल म्हणाले. मग काळेपणा चवड्यावर चढला. चवडा काढला. भावोजी दर वेळी सही करायचे आणि दर वेळी मला विचारायचे, "आता थांबेल ना रे?" मी हो म्हणायचो. मला काय कळतंय? चिखलोलीचं बुकिंग त्यांनी मोडलं. बिल्डरनं कापून जे दिलं ते हॉस्पिटलात भरलं. ताईच्या गळ्यातलं प्राचीसाठी ठेवलेलं होतं, तेही गेलं. घोट्यावर काळं दिसलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता गुडघ्याखाली, नाहीतर बाई जाईल.

त्या दिवसांत बघायला येणाऱ्यांची रांग. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. पूर्वी नारळ, मोसंबी आणायचे. आता मोसंबी महाग आणि आंब्याचं पाकीट स्वस्त झालेलं. चाळीतले आले, पाकिटं घेऊन. भावोजींच्या कंपनीतले आले, पाकिटं घेऊन. सेठनं पूर्ण बॉक्स पाठवला. रखमामावशीनं पदराखालून मोठी बाटली काढली तेव्हा माझा तोल गेला.

"मावशी, ह्याच्यानंच झालंय हे! विष आहे हे!"

"अरे काय बोलतोस? फळाचं आहे."

"फळाचं नाही!"

"मग त्याच्यावर एवढा मोठा आंबा कशाला काढलाय?" मावशीनं बाटली माझ्यासमोर धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी गरीब बाई, मला वाटलं ताकद येईल तिला. भाड्याचे पैसे वाचवून आणलंय मी."

मी तिच्या पाया पडलो. दुसरं काय करणार? नर्सनं सगळी पाकिटं गोळा केली तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या मुलानं विचारलं, तुम्हाला नको असतील तर आम्ही घेऊ का? त्याच्या बापालाही साखरच होती.

एक गोष्ट मात्र मी तिथल्या औषधांच्या दुकानात शिकलो. ताईच्या गोळ्यांच्या बिलावर कर लिहिला होता. पाच टक्के. मी दुकानदाराला विचारलं, हा बरोबर आहे का? तो खुशीत म्हणाला, बारा होता, आता पाच झाला, सरकारनं चांगलं केलं. साखर चढवणारं पाणी पाचात आणि साखर उतरवणारी गोळीही पाचात. एकाच दिवशी दोन्ही स्वस्त केलीत. मी त्या काउंटरवर हसलो. लोक बघत होते.

पाय गुडघ्याखाली कापला.

आता ताई घरी आहे. चाळीतला संडास गल्लीच्या टोकाला, दोन पायऱ्या चढून. ती दिवसभर पाणी पीत नाही, म्हणजे जावं लागणार नाही. प्राचीनं कॉलेज सोडलं आणि आईच्या जागी गाळ्यात उभी राहिली. सेठनं लगेच घेतलं तिला, नाही म्हणाला नाही. भावोजी येतात, जेवतात, भिंतीकडे तोंड करून झोपतात.

गेल्या रविवारी मी गेलो. ताई खाटेवर बसून खिडकीतून बघत होती. मला पाहून तिनं चादर पुढे ओढली. मी चादर बाजूला केली. अर्धी संपलेली बाटली होती. पिवळी.

"ताई!"

"ओरडू नको. शेजारी ऐकतात."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"डॉक्टर काय, भात बंद म्हणतात, आंबा बंद म्हणतात, बटाटा बंद. सगळंच बंद म्हणणाऱ्याचं किती ऐकायचं? अंगात त्राण नाही रे. घोटभर घेतलं की डोळे उघडतात."

"ह्याच्यामुळे तुझा पाय गेला."

तिनं मान हलवली. मी लहानपणी चुकीचं उत्तर दिलं की हलवायची तशी.

"पाय देवीमुळे गेला. नवस पुरा होऊ दिला नाहीत तुम्ही. दसऱ्यापर्यंत थांबा म्हणत होते मी. अष्टमीलाच उचलून नेलंत. घर पण गेलं, बघ. दोन्ही एकदम गेलं."

"ताई, खिळा होता आत. साखर मशीनच्या वर गेली होती. तू शिकलेली बाई आहेस."

"मग हे इतकं वाईट असतं तर त्यांनी ह्याला पाचात ठेवलं असतं?" तिनं बाटली माझ्यासमोर धरली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच माझी कीव येत होती. "कोलाला वाईट म्हणाले, चाळीस लावले. तंबाखूला, गुटख्याला लावले. ह्याला नाही लावले. कमी केले उलट. त्यांच्याकडे मोठे डॉक्टर असतील ना रे? तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत असेल ना?"

मी बाटली मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी प्राचीचा फोन आला, मामा, मम्मीनं खालच्या पोराकरवी दुसरी मागवली.

मी तिला समजावून थकलो. डॉक्टरांनी सांगून झालं. ऋतिकानं रडून सांगितलं. ती आमच्यापैकी कुणाचंही मानत नाही, कारण आम्ही कोण? कर तर तुम्ही लावता. तिचा विश्वास तुमच्यावर आहे. आता डाव्या तळपायालाही काही कळत नाही तिला. परवा गरम चमचा चुकून लागला तेव्हा प्राचीनं बघितलं, ताईनं पाय हलवला नाही.

म्हणून तुम्हालाच विचारतो. आंब्याचं चित्र काढलेल्या साखरेच्या पाण्याला तुम्ही गरजेचा माल कुठल्या आधारावर ठरवलंत? त्यात साखर किती ते मोजलंत का? मोजलंत तर पाच का? नाही मोजलंत तर कोलाला पाप कसं म्हणालात? त्या पापाच्या चाळीसातलं काय आलं ताईच्या चाळीत? कागदावर नको, टीव्हीवर नको. विठ्ठलवाडीला या, तिच्या खाटेवर बसा आणि तिच्या तोंडावर सांगा. ती फक्त तुमचंच ऐकेल. एक पाय अजून आहे.

कधी येताय, ते सांगा.